बेटाचे टपाल आणि पेण-रोह्याची पत्रे

मुंबईच्या टपालाचा इतिहास मुळात एका बेटवजा वसाहतीचा आहे. १६६१ च्या विवाह-करारान्वये पोर्तुगिजांकडून इंग्लंडच्या राजाला मिळालेली आणि १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीकडे गेलेली ही बेटे आपल्या पत्रांसाठी जहाजांवर विसंबून असत. १७९४ मध्ये येथे मुख्य टपाल कार्यालय उभे राहिले, तरी समोरच्या मुख्यभूमीवरील पेण आणि रोह्याकडे जायचे, तर आधी बंदर ओलांडून धरमतरची किंवा कुंडलिकेची खाडी गाठावी लागे.

तिकिटांपूर्वी पत्राचे हशील वजनाबरोबर अंतरावरही ठरत असे, त्यामुळे पत्र जितके दूर जाई तितका खर्च वाढे. १८५२ मध्ये बार्टल फ्रियर यांच्या पुढाकाराने निघालेले ‘सिंध डाक’ हे आशियातले पहिले टपाल तिकीट सिंध प्रांतापुरते राहिले. खरी क्रांती झाली ती १ ऑक्टोबर १८५४ रोजी, जेव्हा पाव तोळ्यापर्यंतचे पत्र अर्ध्या आण्यात देशभर कोठेही जाऊ लागले. पेणचे पत्र मुंबईला जावो वा कलकत्त्याला, दर तोच, आणि सामान्य माणसाच्या दृष्टीने या सुधारणेचे मोल येथेच आहे. कलकत्त्यात शिळाछापाने, म्हणजे दगडावर आकृती उतरवून, छापलेल्या या तिकिटांना कडेची छिद्रे नव्हती. ती कात्रीने कापावी लागत. त्यांतील चार आण्याचे तिकीट दोन रंगांत दोनदा छापले जाई, त्यामुळे लाल चौकटीत राणीचे निळे मस्तक उलटे पडलेल्या काही प्रती निघाल्या आणि त्या आज जगातील दुर्मीळ तिकिटांत गणल्या जातात.

रोह्याच्या दक्षिणेकडील जंजिरा संस्थानाची ओळखच मुळी एका बेटावरच्या किल्ल्याची. पण संस्थान असूनही त्याने स्वतःची टपाल तिकिटे काढली नाहीत, हे मुद्दाम नोंदवण्याजोगे आहे.

स्वातंत्र्यानंतर भारतीय तिकिटांवर याच परिसरातील माणूस आला: पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ मध्ये जन्मलेले विनोबा भावे यांच्यावरचे तिकीट १९८३ मध्ये निघाले. त्याआधी, १५ ऑगस्ट १९७२ रोजी, टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृतचे जाणकार श्रीराम भिकाजी वेलणकर यांची पिनकोड पद्धत अमलात आली, ज्यात पहिले तीन अंक वर्गीकरणाचा जिल्हा आणि पुढचे तीन अंक टपाल कार्यालय दाखवतात. त्या हिशेबात जुन्या बेटांना ४०० हा आरंभ मिळाला, तर पेणला ४०२१०७ आणि रोह्याला ४०२१०९.