कान मागच्या रांगेत! रॉक आणि सोलच्या ड्रम्सचे धमाल किस्से

मी ड्रमर. गाणं सुरू झालं की माझे कान गायकाला ओलांडून थेट मागे, ड्रम्सपाशी जातात. तिथे केवढा खजिना दडलाय, माहीत आहे का? चला, वन-टू-थ्री-फोर!

जिना जिंकला
लेड झेपेलिनच्या ‘व्हेन द लेव्ही ब्रेक्स’मधले ते अजस्र ड्रम्स कुठे वाजले? जिन्याखाली! १९७१च्या अल्बमसाठी इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या वास्तूच्या हॉलमध्ये जॉन बॉनमचा सेट मांडला आणि वर जिन्यात दोन माइक टांगले. पहिला ठोका पडला की आजही माझ्या छातीत धडधडतं.

लेट, पण थेट
मेम्फिस, १९६५. विल्सन पिकेटच्या ‘इन द मिडनाइट अवर’चं रेकॉर्डिंग. निर्माते जेरी वेक्सलर चक्क नाचू लागले! ठेका कसा हवा, ते ‘जर्क’ डान्स करून दाखवलं. मग ड्रमर अल जॅक्सन ज्युनिअरने दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवरचा स्नेअर किंचित मागे खेचला. या गाण्याबरोबर वाजवताना हात आवरून धरणं, यातच खरी कसोटी आणि खरी मजा!

डावं-उजवं
बीटल्सचा रिंगो स्टार डावखुरा, पण सेट उजव्या हाताचा. म्हणून त्याचे फिल्स अनपेक्षित वळणं घेतात. ‘कम टुगेदर’ लावा आणि टॉम्सवरून घरंगळत जाणारा तो ठेका ऐका. लाजवाब!

हिट्सची साखळी
डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीने ‘नोव्हेअर टू रन’मध्ये काय वाजवलं, माहीत आहे का? बर्फात गाडीच्या टायरला लावतात त्या साखळ्या! छन्न-छन्न ऐकलं की पाय जागेवर राहतच नाहीत.

हात वर!
रोलिंग स्टोन्सचे चार्ली वॉट्स स्नेअर मारताना हाय-हॅटवरचा उजवा हात उचलायचे. मधली जागा मोकळी, स्नेअर एकदम लख्ख!

ऑल-राउंडर
‘सुपरस्टिशन’च्या सुरुवातीचे ते झुलते ड्रम्स कोणाचे? खुद्द स्टीव्ही वंडरचे! आवाजही त्याचा, कीबोर्डही त्याचाच.

ठोका एकाचा, पैसा दुसऱ्यांचा
जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला क्लाइड स्टबलफील्डचा सोलो हिपहॉपवाल्यांनी वारंवार उचलला. स्नेअरवरचे ते कुजबुजते, हलके ठोके तर कमालच! पण गाण्याच्या श्रेयात त्याचं नाव नव्हतं, म्हणून रॉयल्टीही नाही. हा हिशेब मला आजही टोचतो. सॅम्पल वाजवा, पण त्याचं नाव घ्या!

फोर स्टिक्स ते फोर हँड्स
आता आपली मुंबई! झेपेलिनच्या ‘फोर स्टिक्स’ला ते नाव का? बॉनमने प्रत्येक हातात दोन-दोन स्टिक्स धरल्या होत्या! १९७२मध्ये बँडमधल्या जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट यांनी मुंबईत इथल्या वादकांना घेऊन तेच गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं, तबल्यासकट. २०१५मध्ये ते बाहेर आलं, नाव ‘फोर हँड्स’. स्टिक्स गेल्या, बोटं आली, ठेका तितकाच तगडा!

तेव्हा आवडतं गाणं आज पुन्हा लावा आणि फक्त ड्रम्स ऐका. नवं गाणं सापडेल, गॅरंटी!