दोन देशांतील संसार आणि निवासाचा हक्क

विवाहानें दोन कुटुंबें जोडलीं जातात. दोन राष्ट्रांचे कायदे मात्र त्यानें जोडले जात नाहींत. पति भारताचा नागरिक व पत्नी अमेरिकेची नागरिक असली, म्हणजे संसार एक असूनही दोन सरकारें त्या दोघांकडे निरनिराळ्या दृष्टीनें पाहतात. एका देशांत एक जण घरचा व दुसरा पाहुणा. दुसऱ्या देशांत नेमकें उलट. महाराष्ट्रांतील पुष्कळ घरांतून आज असे संसार आहेत. वर्षांतील कांहीं महिने पुण्यांत वृद्ध मातापितरांजवळ व कांहीं महिने न्यू जर्सीत घालवावे, असा त्यांचा मानस असतो. या बेताला कोणता परवाना आधार देतो आणि कोणता आड येतो, हें आधीं समजून घेतलें पाहिजे.

पूर्वीं ही अडचण नव्हती. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकाच्या शिक्षणासाठीं कलकत्त्याहून निघून अमेरिकेस गेल्या व गोपाळराव मागाहून तेथें पोहोंचले. हिंदी माणसाला अमेरिकेंत उतरण्यास तेव्हां व्हिसा लागत नसे. पुढें १९१७ च्या कायद्यानें तें दार हिंदी लोकांना बहुतेक बंद झालें. १९४६ सालीं तें किलकिलें झालें, तेंही वर्षाला अवघ्या १०० माणसांपुरतें. देशवार वाटणीची ती पद्धति १९६५ च्या कायद्यानें मोडली, आणि आजच्या दोन देशांतील संसारांना वाट मिळाली.

प्रथम भारताची बाजू पाहावी. विवाहानंतर अमेरिकन पत्नीला भारतीय नागरिकाची पत्नी या नात्यानें एंट्री व्हिसा मिळूं शकतो. पण त्याला मुदत असते. विवाहाची नोंदणी झालेली असून तो अर्जापूर्वीं सलग दोन वर्षें टिकलेला असला, तर ती ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’, संक्षेपानें ओसीआय, या कार्डासाठीं अर्ज करूं शकते. ही योजना डिसेंबर २००५ पासून अंमलांत आली. हें कार्ड म्हणजे आजन्म प्रवेशाचा परवाना होय. कितीही दिवस राहिलें तरी परदेशी म्हणून नोंद करावी लागत नाहीं. मात्र नांवांत ‘सिटिझन’ असलें तरी हें नागरिकत्व नव्हे. या कार्डावर मत देतां येत नाहीं, विधिमंडळांत जातां येत नाहीं, सरकारी नोकरी सामान्यतः मिळत नाहीं आणि शेतजमीन विकत घेतां येत नाहीं. शिवाय विवाहाच्या नात्यानें मिळालेलें कार्ड त्या विवाहाशींच बांधलेलें असतें. न्यायालयानें विवाह मोडला तर कार्डही रद्द होऊं शकतें. ज्या वधूचे आईवडील वा आजीआजोबा भारतीय होते, तिला वंशाच्या नात्यानेंही कार्ड मिळण्याजोगें असतें. तसें असल्यास तिनें तोच मार्ग धरणें शहाणपणाचें.

आतां अमेरिकेची बाजू. पतीनें पर्यटकाच्या व्हिसावर ये-जा करावी, असें कित्येकांस वाटतें. परंतु तेथील कायदा असा अर्जदार कायमचाच येणार असें गृहीत धरतो, आणि तसें नाहीं हें दाखविण्याचा भार अर्जदारावरच टाकतो. ज्याची पत्नीच अमेरिकन, त्याला हा भार पेलणें सोपें नसतें. सरळ मार्ग म्हणजे स्थायी निवासाचा, अर्थात् ग्रीन कार्डाचा. नागरिकाच्या पतीला वा पत्नीला त्यांत वार्षिक संख्येची मर्यादा नाहीं. अर्ज पत्नीनें करावयाचा असतो. विवाह खरा असल्याचा पुरावा व पतीच्या निर्वाहाची हमी तिला द्यावी लागते. आपलें वास्तव्य अमेरिकेंत आहे, किंवा पतीबरोबर तेथें परतण्याचा निश्चय आहे, हेंही तिला दाखवावें लागतें. त्यानंतर पतीची मुलाखत मुंबईच्या अमेरिकन वकिलातींत होते. प्रवेशाच्या दिवशीं विवाहास दोन वर्षें झालेलीं नसलीं, तर मिळणारें कार्ड दोन वर्षांपुरतें व सशर्त असतें; ती मुदत संपण्यापूर्वींच्या ९० दिवसांत सामान्यतः दोघांनीं मिळून शर्त काढून घेण्याचा अर्ज करावा लागतो. खोट्या विवाहांना आळा घालण्यासाठीं १९८६ सालीं हा नियम झाला.

कार्ड हातीं आलें कीं काम संपलें, असें मानणें ही मोठी चूक होय. ‘स्थायी निवास’ या शब्दांत हक्काइतकीच अटही आहे. तेथें राहिलें, तरच तो हक्क टिकतो. सहा महिन्यांतून एकदां अमेरिकेस पाय लावून आलें म्हणजे कार्ड सुरक्षित, ही समजूत घरोघर आढळते. ती खरी नव्हे. माणसाचें घर, नोकरी, कुटुंब व करभरणा कोठें आहे हें अधिकारी पाहतो, आणि त्यावरून त्याचा खरा मुक्काम ठरवितो. सलग एक वर्ष वा अधिक बाहेर राहिल्यास तर केवळ त्या कार्डावर प्रवेश मिळत नाहीं. समजा, पुण्यांत आईला पक्षाघाताचा झटका आला आणि मुलगा तिच्या शुश्रूषेसाठीं चौदा महिने राहिला. त्याचें कारण कितीही योग्य असो, परत जातांना कार्ड निरुपयोगी ठरण्याचा धोका आहे. यावर ‘री-एंट्री परमिट’ हा उपाय आहे व त्याची मुदत दोन वर्षांपर्यंत असते. परंतु तो अर्ज अमेरिकेंत असतांनाच, निघण्यापूर्वीं करावा लागतो. आई आजारी पडल्यावर पुण्यांतून तो करतां येत नाहीं.

म्हणजे ज्याला दोन्ही देशांत राहावयाचें आहे, त्याला स्थायी निवासाचें कार्ड मोकळें करीत नाहीं. तें त्याला एका देशाशीं बांधून ठेवतें. मोकळीक देतें तें नागरिकत्व. नागरिकानें परदेशीं किती दिवस राहावें, याला मर्यादा नाहीं. अमेरिकेंत एके काळीं, परदेशांतून येऊन नागरिक झालेला माणूस सलग तीन वर्षें जन्मदेशीं राहिल्यास त्याचें नागरिकत्व जाई. १९६४ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें तो नियम घटनाबाह्य ठरविला. अमेरिकन पत्नीसह नांदणाऱ्या पतीला कार्ड मिळाल्यापासून तीन वर्षांनीं नागरिकत्वासाठीं अर्ज करतां येतो. त्या तीन वर्षांपैकीं निदान १८ महिने प्रत्यक्ष अमेरिकेंत गेलेले असावे लागतात. या काळांत एका वेळीं सहा महिन्यांपेक्षां अधिक गैरहजेरी झाल्यास निवासाचें सातत्य तुटल्याचें गृहीत धरलें जातें. तें सातत्य राखण्यास साधारणपणें री-एंट्री परमिटही उपयोगी पडत नाहीं.

या मोकळिकीची किंमत लहान नाहीं. भारतीय घटनेचा नववा अनुच्छेद व १९५५ चा नागरिकत्व कायदा यांप्रमाणें, स्वेच्छेनें परदेशाचें नागरिकत्व घेणाऱ्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. पासपोर्ट परत करावा लागतो आणि मताचा हक्क जातो. पुढें माजी नागरिक म्हणून ओसीआय कार्ड मिळतें व पुण्याचें दार उघडें राहतें. पण आपल्या गांवांत तो घरचा असूनही मतदार राहत नाहीं. दुसरी किंमत पैशाची आहे. ग्रीन कार्ड असो वा नागरिकत्व, अमेरिका सर्व जगांतील उत्पन्नाचा हिशेब मागते. पुण्याच्या बँकेंतील व्याजही त्यांतून सुटत नाहीं. भारताची कसोटी मुख्यतः दिवसांची आहे. आर्थिक वर्षांत १८२ दिवस येथें राहणारा सामान्यतः येथील करदाता ठरतो. एकाच उत्पन्नावर दोनदां कर पडूं नये म्हणून उभय देशांत १९८९ सालीं करार झाला आहे, तरी विवरणपत्रें दोन्हीकडे भरावीं लागतात.

तेव्हां निवड कशी करावी? येत्या चार-पांच वर्षांत संसार मुख्यतः पुण्यांतच व्हावयाचा असेल, तर पत्नीनें ओसीआय कार्ड घ्यावें आणि पतीनें ग्रीन कार्डाची घाई करूं नये. सध्यांच्या कायद्यांत नागरिकाच्या जोडीदाराला वार्षिक संख्येची रांग नाहीं. अर्ज मागाहूनही करतां येतो. संसार मुख्यतः अमेरिकेंत व्हावयाचा असेल, तर आधीं तेथील वर्षें सलग पुरीं करावीं, नागरिकत्वाचा निर्णय घ्यावा, आणि दीर्घ मुक्कामासाठीं मागाहून भारतांत यावें. अर्धें मन इकडे व अर्धें तिकडे ठेवून केवळ कार्ड सांभाळीत बसणें, हाच मार्ग सर्वांत खर्चाचा व धोक्याचा ठरतो. कोणताही मार्ग धरला, तरी जाण्यायेण्याच्या तारखा एका वहींत नोंदून ठेवाव्या, आणि आईवडिलांचें वय व प्रकृति ध्यानांत घेऊनच अर्जाचा दिवस ठरवावा. कायदा दिवस मोजतो. आजार आगाऊ सूचना देऊन येत नाहीं.