उन्हाळ्यात गळ टाकण्यापूर्वी...

मुंबई, प्रतिनिधी

मे महिन्याच्या सुटीत पवई तलावाकाठी दिवसभर गळ टाकून बसण्याचा बेत अनेक हौशी मंडळी आखतात. मात्र ऐन उन्हाळ्यात 'दिवसभर' हा शब्द बेतातून वगळणेच इष्ट. डबा, छत्री आणि आमिष यांची यादी नंतर करता येते. आधी विचार व्हावा तो पाण्यातील प्राणवायूचा.

पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. २० अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू सामावतो. ३० अंशांना हे प्रमाण साडेसातच्या आसपास येते. उष्णतेमुळे माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. त्यामुळे भर दुपारी मासा आमिषाकडे सहसा फिरकत नाही.

मग पहाट उत्तम, असे कुणालाही वाटेल. पाणी तेव्हा सर्वांत थंड असते हे खरे. परंतु रात्रभर शेवाळ, मासे आणि कुजणारा पाला प्राणवायू वापरत राहतात व सूर्यप्रकाशाअभावी त्यात भर पडत नाही. सूर्योदयाच्या सुमारास प्राणवायू नीचांकावर असतो. सांडपाणी व जलपर्णीने ग्रासलेल्या पवईसारख्या तलावात हा फरक अधिक जाणवतो. म्हणून अंधारात धावपळ करण्यापेक्षा ऊन वर आल्यापासून नऊपर्यंतची वेळ धरावी. एकच वेळ साधायची असेल, तर पाच वाजल्यानंतरची सायंकाळ अधिक सरस.

जागा वाऱ्याची निवडावी. दुपारनंतर सुटणाऱ्या पश्चिमेच्या वाऱ्याने लाटा ज्या काठावर येतात, तिथे पाणी ढवळले जाऊन प्राणवायू मिसळतो. कटला वरच्या, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी चरतो. उन्हाळ्यात खोल तळाशी प्राणवायू अपुरा असल्याने मृगळासाठीही उथळ काठच बरा.

पकडलेला मासा सोडून देणाऱ्यांनी विशेष काळजी घ्यावी. बारीक दोऱ्यावर मासा दमवत खेळवणे थंडीत ठीक. उन्हाळ्यात जाड दोरा वापरून तो लवकर काठाशी आणावा, ओल्या हातांनी धरावा आणि शक्यतो पाण्यातच गळ काढावा. दमलेला मासा पोहत निघून गेला तरी तो जगतोच असे नाही.

माणसाचे गणितही वेगळे नाही. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, शरीर तापत जाते. पाण्याबरोबर मीठ-साखरेचे पाणी किंवा कोकम सरबत जवळ हवेच. तलावात मगरी आहेत. पाण्यात पाय सोडून बसण्याचा मोह टाळावा. गळ टाकण्याच्या परवानगीची चौकशी आधीच केलेली बरी.

आणि काठावर पोहोचल्यावर मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड वासताना दिसले, तर ती संधी समजू नये. त्यांचा श्वास कोंडलेला असतो. त्या दिवशी गळ पिशवीतच राहू द्यावा.