निवृत्तीनंतरची ड्यूटी

सकाळी आठ वाजता सरकारी रुग्णालयाच्या केसपेपर खिडकीसमोर रांग लागते. मंगळवारी आणि गुरुवारी रांगेच्या तोंडाशी एक गृहस्थ उभे असतात. वय ६४, एसटीतले निवृत्त कंडक्टर. "मावशी, हाडांची ओपीडी पहिल्या मजल्यावर. जुना कागद आणलाय ना?" असं विचारत ते माणसं पुढे सोडतात. गर्दी हाताळण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे आवाज चढत नाही.

दोन वर्षांपूर्वी ते याच रांगेत रुग्ण म्हणून उभे होते. झोप नाही, छातीत धडधड, भूक मंदावलेली. ईसीजी, थायरॉईड, हिमोग्लोबिन सगळं ठीक. मधुमेह होता, पण आटोक्यात. "दिवसभर काय करता, काका?" या प्रश्नावर ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, पहाटे चारला जाग येते. ड्यूटीची सवय. पण उठून जायचं कुठं?"

तपासणीत नैराश्य निघालं. त्यावर समुपदेशन झालं, काही महिने गोळ्याही चालल्या. हे सांगणं गरजेचं आहे, कारण 'कशात तरी मन रमवा' एवढ्यावर नैराश्याची बोळवण करणं धोक्याचं असतं. गोळ्यांनी झोप आली, धडधड थांबली. 'जायचं कुठं' हा प्रश्न मात्र तसाच होता. तो सुटला समाजसेवा अधीक्षकांमुळे. आठवड्यातून दोन दिवस, दोन तास रुग्णांना वाट दाखवाल का, असं त्यांनी विचारलं.

'जायचं कुठं' याचं एक उत्तर अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात शास्त्रीय पद्धतीने तपासलं गेलं आहे. वार्धक्यशास्त्राच्या तज्ज्ञ डॉ. लिंडा फ्रीड यांच्या पुढाकाराने तिथे 'एक्स्पिरियन्स कोअर' हा उपक्रम राबवण्यात आला. साठीपुढची माणसं आठवड्याला १५ तास सरकारी प्राथमिक शाळांत जात आणि बालवाडी ते तिसरीच्या मुलांना वाचायला मदत करत, शाळेचं ग्रंथालय सांभाळत. विचार साधा होता. 'तब्येतीसाठी चाला' म्हटलं की माणूस महिन्याभरात कंटाळतो. पोरं वाट बघत असतील तर तो जिने चढतोच.

कोण शाळेत जाणार आणि कोण नाही, हे सोडतीसारख्या पद्धतीने ठरवलं होतं. त्यातल्या १११ जणांच्या मेंदूचे एमआरआय काढून त्यांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनंतर, शाळेत जाणाऱ्या पुरुषांमध्ये स्मरणशक्तीशी निगडित हिप्पोकॅम्पस आणि मेंदूचा बाह्य थर यांचं आकारमान किंचित वाढलेलं आढळलं; न जाणाऱ्यांत ते घटलं होतं. वयाबरोबर हे भाग आक्रसत जातात, म्हणून या थोड्याशा वाढीलाही महत्त्व आहे. स्त्रियांमध्ये फरक तितका ठळक नव्हता.

यावरून एक आठवतं. आपल्याकडच्या बायकांना निवृत्ती मिळते कुठे? नातवंडं, स्वयंपाक, घरातलं आजारपण हे सगळं सांभाळणाऱ्या आजीला आणखी सेवा सुचवणं हा उपचार नव्हे. तिला दोन तासांची सुट्टी लिहून द्यावी.

२०२० मध्ये पन्नाशीपुढच्या सुमारे १३ हजार अमेरिकी नागरिकांचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वर्षाला किमान १०० तास, म्हणजे आठवड्याला साधारण दोन तास, स्वयंसेवा करणाऱ्यांमध्ये पुढच्या चार वर्षांत मृत्यूचं आणि हालचालींवर मर्यादा येण्याचं प्रमाण कमी होतं. आपल्या जगण्याला काही हेतू आहे ही भावना अधिक होती. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, पक्षाघात यांच्यात मात्र फरक दिसला नाही. मुळात धडधाकट माणसंच अशा कामाला बाहेर पडतात, ही शंका अशा निरीक्षणांतून पूर्णपणे जात नाही. संशोधकांनी आधीच्या प्रकृतीचा हिशेब धरला होता, तरीही.

तेव्हा रक्तदाबाची गोळी बंद करून कुणी समाजसेवेला निघू नये. ऐकायला कमी येत असेल, तोल जात असेल, तर आधी त्याची तपासणी व्हावी आणि काम बसून करता येण्याजोगं निवडावं. दिवस आणि वेळ ठरलेली असली तर बरं. 'जमेल तेव्हा येतो' म्हणणारे सहसा येत नाहीत.

कंडक्टर काकांची साखर होती तेवढीच आहे, गोळ्याही त्याच. गेल्या पावसाळ्यात गुडघा सुजला तेव्हा त्यांना तीन आठवडे विश्रांती सांगितली होती. दुसऱ्याच आठवड्यात ते खिडकीजवळ स्टूल टाकून बसलेले दिसले. डॉक्टरांनी हटकलं तर म्हणाले, "साहेब, बसूनच तर आहे."