दीर्घ आजारातील मृत्यू : शुश्रूषा, नोंद आणि चौकशी

वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे निधन झाले, की 'सुटला बिचारा' असे उद्गार सहज ऐकू येतात. त्यामागे सहानुभूती असते आणि शुश्रूषा करून थकलेल्या कुटुंबाला त्यातून काहीसा दिलासाही मिळतो. परंतु त्याचबरोबर एक गृहीतही त्यात दडलेले असते. आजार मोठा होता, मृत्यू अटळ होता, तेव्हा आता विचारण्यासारखे काही उरलेले नाही, असे ते गृहीत होय. रुग्ण नेमका कशाने गेला, अखेरच्या दिवसांत त्याच्या पोटात पुरेसे अन्नपाणी गेले काय, आवश्यक तेव्हा प्राणवायू, औषध आणि मदतीचा हात त्याला मिळाला काय, हे प्रश्न मग विचारलेच जात नाहीत. वास्तविक या प्रश्नांची उत्तरे गेलेल्या व्यक्तीपेक्षा त्याच आजाराने ग्रस्त असलेल्या व हयात असलेल्या इतर रुग्णांना अधिक उपयोगी असतात. म्हणूनच अशा मृत्यूची नोंद व चौकशी यांसंबंधीच्या तरतुदींचा परिचय लोकप्रतिनिधी, शिक्षक आणि कर्मचारी यांना असणे इष्ट ठरते.

कायद्यातील तरतूद

मृत्यूच्या प्राथमिक चौकशीस कायद्याच्या भाषेत मरणान्वेषण म्हणतात. व्यवहारात आपण त्यास 'इन्क्वेस्ट पंचनामा' या नावाने ओळखतो. पूर्वी ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम १७४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ ने घेतली आहे. आत्महत्या, अपघात, यंत्रामुळे अथवा प्राण्यामुळे ओढवलेला मृत्यू किंवा कोणी तरी गुन्हा केला असावा असा वाजवी संशय निर्माण करणाऱ्या परिस्थितीतील मृत्यू, या प्रसंगी पोलीस अधिकारी परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांच्या समक्ष मृतदेहाची पाहणी करतो व सकृद्दर्शनी दिसणारे मृत्यूचे कारण अहवालात नमूद करतो. कारणाविषयी शंका असल्यास मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठविला जातो.

एखादी व्यक्ती पोलिसांच्या किंवा न्यायालयाच्या आदेशाने ठेवलेल्या कोठडीत असताना मरण पावल्यास, पोलिसांच्या चौकशीखेरीज दंडाधिकाऱ्यामार्फतही चौकशी होणे कलम १९६ अन्वये आवश्यक आहे. कैदी अनेक वर्षे क्षयाने किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने आजारी होता व रुग्णालयात उपचार घेत असताना गेला, एवढ्याने ही चौकशी टळत नाही. मृताच्या नातेवाइकांना शक्य तेथवर तिची सूचना देणे व त्यांना उपस्थित राहू देणे हेही दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

मरणान्वेषणाची व्याप्ती मात्र मर्यादित आहे. मृत्यू कोणत्या सकृद्दर्शनी कारणाने झाला, एवढेच त्यात पाहावयाचे असते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये पेद्दा नारायण खटल्यात स्पष्ट केले आहे. आजाऱ्याची शुश्रूषा कशी झाली, याचे उत्तर पंचनाम्यात शोधू गेल्यास बहुधा निराशाच पदरी येते.

एका निकालाचा बोध

मग हे उत्तर शोधावयाचे कोठे? अनेकदा नातेवाईक फौजदारी तक्रारीचा मार्ग धरतात. या संदर्भात 'जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ ऑगस्ट २००५ रोजी दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. १९९५ च्या फेब्रुवारीत लुधियाना येथील एका रुग्णालयात कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील एका वृद्ध रुग्णास रात्री श्वास घेणे कठीण झाले. डॉक्टर येण्यास विलंब झाला आणि प्राणवायूचे जे नळकांडे जोडले गेले ते रिकामे निघाले, अशी त्याच्या मुलाची तक्रार होती. दुसरे नळकांडे जोडेपर्यंत रुग्णाचा अंत झाला.

न्यायालयाने संबंधित डॉक्टरवरील फौजदारी कारवाई रद्द केली. शिक्षेस पात्र होण्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असला पाहिजे आणि डॉक्टरवर आरोप ठेवण्यापूर्वी त्या शाखेतील निष्पक्ष तज्ज्ञाचे मत घेतले पाहिजे, असा दंडक या निर्णयाने घालून दिला. त्याचबरोबर नळकांडे उपलब्ध नसणे वा रिकामे असणे यासाठी रुग्णालयावर दिवाणी दायित्व येऊ शकते, असेही न्यायालयाने नमूद केले.

या प्रकरणाचा बोध दुहेरी आहे. कर्करोगाने मृत्यू जवळ आणला होता, म्हणून रिकाम्या नळकांड्याचा प्रश्न गैरलागू ठरत नाही. शेवटचा श्वास सुखाने घेता येणे हादेखील रुग्णाचा अधिकारच आहे. दुसरे असे, की फौजदारी न्यायालयापुढे प्रश्न असतो तो आरोपीच्या अपराधाचा. वॉर्डातील नळकांडी दररोज कोणी तपासावयाची, हा प्रश्न तेथे निर्णयासाठी नसतो. पुढच्या रुग्णाचा जीव मात्र त्याच प्रश्नावर अवलंबून असतो.

कॉरोनरची परंपरा

अपराध ठरविण्यापासून अलिप्त राहून मृत्यूची चौकशी करणारी एक यंत्रणा मुंबई शहरात दीर्घकाळ होती. १८७१ च्या कॉरोनर्स अधिनियमान्वये चालणारे कॉरोनरचे पद १९९९ मध्ये रद्द करण्यात आले व तेथेही पोलिसांमार्फत मरणान्वेषण होऊ लागले. हे पद आले होते इंग्लंडमधून. तेथे ते ११९४ पासून अस्तित्वात असून आजही चालू आहे. मृत व्यक्ती कोण, तिचा मृत्यू केव्हा, कोठे आणि कसा झाला, या चार प्रश्नांची उत्तरे कॉरोनरने द्यावयाची असतात. कोणत्याही व्यक्तीचे नाव घेऊन तिच्यावर फौजदारी वा दिवाणी ठपका ठेवण्यास २००९ च्या तेथील कायद्याने मनाई केली आहे. मात्र तशाच कारणाने आणखी मृत्यू होण्याचा धोका दिसल्यास, संबंधित शासकीय विभागास वा संस्थेस लेखी अहवाल पाठविणे हे कॉरोनरचे कर्तव्य असते. त्या अहवालाला ५६ दिवसांच्या आत उत्तर द्यावे लागते.

या पद्धतीचा उपयोग कसा होतो, हे इंग्लंडमधील एक्सेटर येथील एका चौकशीवरून दिसून येते. २७ वर्षे वयाच्या एका तरुणीचे ऑक्टोबर २०२१ मध्ये राहत्या घरी निधन झाले. तिला 'मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस' नावाचा आजार तीव्र स्वरूपात जडला होता. या आजारात अल्पशा श्रमानेही प्रकृती ढासळते व विश्रांतीने थकवा भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने त्याची गणना १९६९ पासून मज्जासंस्थेच्या विकारांत केलेली आहे. तरीही त्याकडे मनाचे दुखणे म्हणून पाहण्याची प्रवृत्ती अनेक देशांत दीर्घकाळ राहिली. ही तरुणी उठून बसू शकत नव्हती व पुरेसे अन्नही घेऊ शकत नव्हती. २०२१ या एकाच वर्षात तिला तीनदा रुग्णालयात दाखल करण्यात आले होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये कॉरोनरने निष्कर्ष नोंदविला, की मृत्यू नैसर्गिक कारणाने, तीव्र आजारामुळे झालेल्या कुपोषणाने झाला. मृत्यू 'नैसर्गिक' ठरल्यावर प्रकरण तेथेच मिटले असते. परंतु ऑक्टोबर २०२४ मध्ये कॉरोनरने प्रतिबंधक अहवाल काढला. या आजाराच्या तीव्र रुग्णांसाठी इंग्लंडमध्ये विशेष रुग्णालय वा खाटा नाहीत, डॉक्टरांना त्याचे पुरेसे प्रशिक्षण नाही आणि अशा रुग्णांच्या आहाराबाबत तपशीलवार मार्गदर्शन उपलब्ध नाही, या उणिवा त्यात मांडण्यात आल्या. या आजारासंबंधी तेथे निघालेला असा हा पहिलाच अहवाल होता. एका घरातील दुःख अशा रीतीने सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून शासनापुढे आले.

आपल्याकडेही मातामृत्यू अन्वेषणाची पद्धत रुळलेली आहे. बाळंतिणीचा मृत्यू झाल्यास घरातून निघण्यास, वाहन मिळण्यास व रुग्णालयात उपचार सुरू होण्यास किती विलंब झाला, याचा शोध त्यात घेतला जातो. दीर्घ आजारातील मृत्यूकडेही याच दृष्टीने पाहता येण्यासारखे आहे.

कारणाची सत्य नोंद

तथापि कोणत्याही चौकशीचा पाया म्हणजे मृत्यूच्या कारणाची अचूक नोंद. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ अन्वये अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरने मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र विनाशुल्क द्यावयाचे असते. रुग्णालयातील मृत्यूसाठी नमुना क्रमांक ४ आणि घरी झालेल्या मृत्यूसाठी ४-अ वापरला जातो. १ ऑक्टोबर २०२३ पासून अमलात आलेल्या सुधारणेनुसार त्याची प्रत जवळच्या नातेवाइकासही द्यावयाची आहे.

'हृदयक्रिया बंद पडून मृत्यू' ही नोंद पुष्कळ ठिकाणी आढळते. वस्तुतः हृदय प्रत्येकाचेच थांबते. तो मृत्यूचा प्रकार झाला, कारण नव्हे. आणि असा प्रकार लिहू नये, अशी सूचना नमुन्यातच छापलेली आहे. उदाहरणार्थ, मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाची जखम चिघळली आणि जंतुसंसर्ग रक्तात पसरून तो दगावला, तर रक्तातील संसर्ग, त्यामागील जखम आणि तिच्या मुळाशी असलेला मधुमेह हे तिन्ही दुवे, प्रत्येकाच्या कालावधीसह, क्रमाने लिहिले पाहिजेत. तसे झाले तरच त्या तालुक्यात मधुमेहाने किती बळी घेतले, हे कळू शकेल.

चुकीच्या नोंदीची किंमत किती मोठी असते, याचे उदाहरण सिलिकोसिसने घालून दिले आहे. गारगोटीच्या भुकटीने फुप्फुसे निकामी करणारा हा आजार अनेकदा क्षय समजला जातो. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलिराजपूर व धार या भागांतील आदिवासी मजूर गुजरातमधील अशा कारखान्यांतून काम करून परतले व गावी मृत्यू पावले. २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१० मध्ये केली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसा आदेश दिला. सिलिकोसिस हा नुकसानभरपाईस पात्र असा व्यवसायजन्य रोग आहे. कागदावर केवळ 'क्षय' किंवा 'दमा' असे लिहिले गेले, की वारसांचा हक्क तेथेच दुबळा होतो.

ग्रामपातळीवरील कर्तव्ये

आकस्मिक, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची माहिती जवळच्या दंडाधिकाऱ्यास अथवा पोलीस ठाण्यास तत्काळ कळविणे हे पोलीस पाटलाप्रमाणेच ग्रामपंचायत सदस्याचेही कायदेशीर कर्तव्य आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ मध्ये पंचायत सदस्याचा स्पष्ट समावेश आहे. याचा अर्थ प्रत्येक वृद्ध वा आजारी व्यक्तीच्या मृत्यूनंतर पोलिसांना पाचारण करावे, असा नव्हे. नियमित उपचार चालू असलेल्या रुग्णाचा अपेक्षित मृत्यू झाला व डॉक्टरने कारण प्रमाणित केले, तर दुःखी कुटुंबास विनाकारण त्रास होऊ नये, याचीही काळजी घेतली पाहिजे. परंतु औषधाची चूक, पडून झालेली दुखापत, उपासमार किंवा हेळसांड यांचा संशय असेल, तर 'आजारी तर होताच' एवढ्या कारणावरून घाईने अंत्यविधी उरकणे योग्य नव्हे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करून घ्यावी. रुग्णालयाचे केसपेपर, तपासण्यांचे अहवाल व औषधांच्या चिठ्ठ्या कुटुंबाने जपून ठेवाव्यात. दाखल रुग्णांची कागदपत्रे डॉक्टरांनी तीन वर्षे जतन करावीत आणि मागणी झाल्यास ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यकीय परिषदेचा २००२ चा नियम आहे. रुग्णाने किती अन्न घेतले, त्याचे वजन किती घटले, त्याची कूस केव्हा बदलली, अंगावर शय्याव्रण आहेत काय, वेदनेवर कोणते औषध दिले, या साध्या नोंदी दररोज झाल्या, तर शुश्रूषाही सुधारते आणि पुढे शंका निघाल्यास प्रामाणिकपणे काम करणाऱ्या डॉक्टरांचे व परिचारिकांचे रक्षणही होते. शिक्षकांना या बाबतीत मोलाचे सहकार्य करता येईल. अर्ज लिहिण्यासाठी अनेक कुटुंबे त्यांच्याकडेच येतात. नमुन्यातील कारणाचा रकाना वाचून त्याचा अर्थ समजावून सांगणे, ही अशा वेळी मोठीच मदत ठरते.

दीर्घ आजाराने गेलेल्या माणसाला चौकशी परत आणू शकत नाही. पण आपल्याच गावातील दुसऱ्या एखाद्या घरात, त्याच आजाराने खिळलेला दुसरा रुग्ण आज अंथरुणावर असतो. पहिल्या मृत्यूची नोंद खरी झाली असेल, तर दुसऱ्याला वेळेवर अन्न, औषध आणि श्वास मिळण्याची शक्यता वाढते.