विहिरीतला चिखल जातो कुठे?

नव्या पाटाला पहिल्यांदा पाणी सोडलं की काय होतं, हे आपल्याला ठाऊक आहे. दार उघडून तास झाला तरी पाणी शेवटच्या वाफ्याला पोचत नाही. पाटच ते पिऊन टाकतो. दोन-चार पाळ्या झाल्या, गाळ बसला, की तो पाणी धरू लागतो. तेलासाठी हजार-दोन हजार मीटर खोल विहीर खणताना अशीच अडचण येते. तिथे पाटाच्या जागी वालुकाश्म असतो आणि पाण्याच्या जागी चिखल.

हा चिखल साधा नव्हे. पाण्यात बेंटोनाइट नावाची फुगणारी माती कालवतात आणि वजन वाढवायला बराइटची पूड घालतात. पोकळ नळांतून तो खाली सोडला की टोकाच्या भोकांतून बाहेर पडतो आणि दगडाचा चुरा घेऊन नळाच्या बाहेरून वर येतो. १९०१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या स्पिंडलटॉपला तेल लागलं. तिथल्या खणणाऱ्यांनी डबक्यात गुरं फिरवून चिखल तुडवून घेतला होता, असं सांगतात!

चिखलाचं दुसरं काम दाबून धरण्याचं. दहा मीटर उंचीचं पाणी दर चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलो भार टाकतं. म्हणजे हजार मीटरवर शंभर किलो. आणि चिखल पाण्याच्या सव्वापट जड असला तर सव्वाशे. जमिनीच्या पोटात तेलाचं तळं असतं असं पुष्कळांना वाटतं, पण तसं नाही. गुजरातेत अंकलेश्वरला १९६० साली तेल सापडलं, ते वालुकाश्मात, कणाकणांमधल्या बारीक फटींत. त्या फटींतल्या तेलाला, वायूला स्वतःचा जोर असतो. तो उसळू नये म्हणून चिखलाचा भार थोडा वरचढ ठेवावा लागतो.

वरचढ ठेवला, की चिखल फटींत शिरू पाहतो. आधी त्यातलं पाणी झिरपतं आणि माती भिंतीवर लिंपणासारखी बसते. लिंपण पातळ आणि घट्ट असलं तर गळती आपोआप मंदावते. जाड झालं तर मात्र नळच त्यात रुतून बसतो. वाळू फार भरड असली किंवा दगडाला भेगा असल्या, तर लिंपण धरतच नाही आणि सगळा चिखल आत जातो. जुन्या क्षेत्रात उपशामुळे तेलाचा जोर कमी झालेला असतो, म्हणून तिथे हा धोका अधिक. शिवाय भार फाजील वाढवला तर धड दगडालाही चीर जाते. ‘जड तेवढं सुरक्षित’ हा हिशेब इथे चालत नाही.

वर हौदातली पातळी उतरू लागली की कामगार सावध होतात. चिखल महाग असतो, पण खरं भय वेगळंच. विहिरीतला चिखल खाली गेला की त्याचा भार घटतो, आणि दुसऱ्या एखाद्या थरातला वायू वर उसळू शकतो. मग पंपाचा जोर कमी करतात, चिखल हलका करतात. अभ्रकाचे पापुद्रे, लाकडाचा भुसा, अक्रोडाच्या टरफलांचा चुरा त्यात टाकतात. भेग मोठी असली तर सिमेंटने बुजवतात.

तेलाच्या थरात मात्र असं काहीही कोंबून भागत नाही, कारण उद्या त्याच फटींतून तेल यायचं असतं. तिथे संगमरवराची पूड वापरतात. फटीच्या निदान तिसऱ्या हिश्शाएवढा कण असला, की दोन-तीन कण तोंडाशी अडकून पूल बांधतात. काम संपलं की वरून आम्ल सोडतात. पूड विरघळते आणि तोंडं पुन्हा उघडतात.