जुन्या पिकपचें आरोग्य

पहाट होण्यापूर्वींच तासगांवच्या रस्त्याला पिकप गाड्यांची रांग लागते. एखादींत द्राक्षांच्या पेट्या, दुसरींत बेदाण्याचे बॉक्स, तर तिसरींत सांगलीच्या पेठेकडे निघालेलीं हळदीचीं पोतीं. तिकडे साताऱ्याच्या बाजूस महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी पसरणीचा घाट उतरून वाईकडे येते, तीहि याच गाड्यांतून. शहरांतील घरोघरीं सकाळीं जी भाजी आणि जें फळ येतें, त्याच्या मागें कोठें ना कोठें अशी एक गाडी धांवत असते; आणि बिऱ्हाड हलवावयाचें झालें कीं तिलाच हांक जाते. यांपैकीं पुष्कळ गाड्या दहा-बारा वर्षांच्या, दोन-तीन मालकांच्या हातांखालून गेलेल्या असतात. त्या सुरक्षित आहेत कीं नाहींत, हा प्रश्न केवळ चालकाचा नव्हे. घाटांत समोरून येणाऱ्या एस. टी. मधील उतारूंचा, रस्त्याच्या कडेनें शाळेस जाणाऱ्या मुलांचाहि तो प्रश्न आहे.

वाहनांतील दोष दोन प्रकारचे असतात. एक वापरानें येणारा, दुसरा उपजत. टायर झिजतो, तेल काळें पडतें, ब्रेकचे लायनर पातळ होतात. हा झाला पहिला प्रकार. त्याची जबाबदारी मालकावर. परंतु कारखान्यांतच एखादी नळी चुकीची बसविली गेली किंवा एखाद्या भागाची घडणच सदोष निघाली, तर तो दोष मालकाच्या डोळ्यांस दिसत नाहीं आणि गल्लींतील मिस्त्रीसहि उमगत नाहीं. तो उघडकीस येतो तो कारखान्याच्या चौकशींत किंवा अनेक ठिकाणच्या तक्रारी एकत्र ठेवल्यावर. अशा वेळीं उत्पादकानें त्या तुकडींतील सर्व गाड्या परत बोलावून दोष विनामूल्य दुरुस्त करून द्यावयाचा, या व्यवस्थेस 'रिकॉल' म्हणतात.

ही व्यवस्था आपोआप आलेली नाहीं. अमेरिकेंत रॅल्फ नेडर या वकिलानें १९६५ सालीं मोटारींच्या सदोष घडणीवर पुस्तक लिहून मोठी खळबळ उडविली आणि १९६६ सालीं तेथें वाहनसुरक्षेचा कायदा झाला. आपल्याकडे २०१२ पासून वाहन-उत्पादकांच्या संघटनेनें स्वेच्छेनें पाळावयाची नियमावली केली. परंतु स्वेच्छा ती स्वेच्छाच. पुढें २०१९ सालीं मोटार वाहन कायद्यांत दुरुस्ती होऊन ११०-अ हें कलम आलें, आणि त्याखालील नियम १ एप्रिल २०२१ पासून अमलांत आले. त्यानुसार सात वर्षांपेक्षां कमी वयाच्या वाहनांत सुरक्षेस बाध आणणारा दोष आढळल्यास सरकार उत्पादकास रिकॉलचा आदेश देऊं शकतें, आणि दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंडहि होऊं शकतो. मालकांना तक्रार नोंदवितां यावी म्हणून केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' या संकेतस्थळावर सोय ठेवलेली आहे.

पिकप गाड्यांचें उदाहरण अगदीं जवळचें आहे. जानेवारी २०२० ते फेब्रुवारी २०२१ या काळांत तयार झालेल्या २९,८७८ पिकप गाड्या महिंद्र कंपनीनें २०२१ सालीं तपासणीसाठीं परत बोलाविल्या. इंजिनाच्या भागांतील द्रव वाहून नेणारी एक नळी नीट जोडली गेली नसावी, असा संशय होता. कंपनीनें तपासणी व बदली विनामूल्य ठेवली आणि ग्राहकांस स्वतंत्रपणें कळविण्याचें ठरविलें. येथवर सर्व ठीक आहे. खरा प्रश्न यापुढें सुरू होतो.

समजा, अशी एक गाडी पुण्याच्या एका व्यापाऱ्यानें घेतली. वर्षभरानें ती कराडच्या दलालाकडे आली आणि तेथून ती विट्याच्या एका शेतकऱ्यानें घेतली. मालकी बदलाचे कागद 'पुढच्या महिन्यांत करूं' म्हणून तसेच राहिले. कंपनीचें पत्र जाणार कोठें? तें पुण्याच्या जुन्या पत्त्यावर जाईल. दूरध्वनिहि पहिल्याच मालकाचा वाजेल. विट्याचा मालक मात्र प्रामाणिकपणें गाडी धूत असतो, वेळच्या वेळीं तेल बदलत असतो आणि उपजत दोष घेऊन घाट चढत असतो. कायद्याप्रमाणें राज्यांतल्या राज्यांत विक्री झाली तर विक्रेत्यानें चौदा दिवसांत आणि खरीदारानें तीस दिवसांत परिवहन कार्यालयास कळवावयाचें असतें. हा नियम केवळ कराच्या सोयीसाठीं नाहीं. धोक्याची सूचना योग्य दारीं पोंचावी हाहि त्यांतील मोठा लाभ आहे.

सूचनेची वाट पाहत न बसतां मालकास स्वतःच चौकशी करतां येते. नोंदणी-पुस्तकांत वा स्मार्ट कार्डावर सतरा अक्षरांचा चासी नंबर असतो. तो गाडीच्या चासीवरहि कोरलेला असतो. दोन्ही ताडून पाहावे. हा नंबर म्हणजे गाडीची जन्मपत्रिकाच होय. पहिल्या तीन अक्षरांवरून उत्पादक कळतो: महिंद्रच्या गाड्यांस 'एमए१', टाटांच्या गाड्यांस 'एमएटी'. शून्य व एक या अंकांशीं घोटाळा होऊं नये म्हणून इंग्रजी आय, ओ आणि क्यू हीं अक्षरें त्यांत कधींच वापरीत नाहींत. हा नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून किंवा अधिकृत सेवाकेंद्रांत देऊन, या गाडीवर एखादें रिकॉलचें काम बाकी आहे काय, असें स्पष्ट विचारावें. सांगली, मिरज, सातारा, कराड येथील मालकास यासाठीं लांब जावें लागत नाहीं. उत्तर 'काम झालें आहे' असें आल्यास त्याची तारीख कागदावर मागून घ्यावी. जुनी गाडी विकत घेतांना तर ही चौकशी सौदा होण्याआधींच करावी.

'इतकीं वर्षें कांहीं झालें नाहीं, आतां काय होणार?' असा युक्तिवाद नेहमीं ऐकूं येतो. तो फसवा आहे. जपानच्या ताकाता कंपनीच्या हवापिशव्यांचा इतिहास याची साक्ष देतो. त्यांतील स्फोटक द्रव्य उष्णतेनें व दमट हवेनें वर्षानुवर्षें बिघडत गेलें. गाडी जितकी जुनी, तितका धोका अधिक. पिशवी फुगतांना तिच्या धातूच्या डब्याच्या ठिकऱ्या उडून माणसें दगावलीं. जानेवारी २०१८ मध्यें फोर्ड कंपनीस २००६ सालच्या कांहीं रेंजर पिकप गाड्यांच्या मालकांना, दुरुस्ती होईपर्यंत गाडी चालवूंच नका, असें सांगावें लागलें. त्या वेळीं त्या गाड्या जवळजवळ बारा वर्षांच्या होत्या.

परिवहन कार्यालयाचा योग्यतेचा दाखला असला म्हणजे सर्व झालें, असाहि एक समज आहे. मालवाहू गाडीस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनीं आणि पुढें दरवर्षीं हा दाखला घ्यावा लागतो. परंतु तो त्या दिवसाच्या स्थितीचा दाखला असतो. त्यानें उपजत दोष कळतोच असें नाहीं आणि पुढच्या वर्षभराची हमीहि मिळत नाहीं.

आतां वापरानें येणाऱ्या दोषांकडे वळूं. सातारा-सांगलीच्या गाडीस सर्वांत मोठी परीक्षा घाटाची. ब्रेक दाबल्यावर पायाचा जोर चाकांपर्यंत पोंचवितें तें ब्रेक ऑइल. या तेलाचा एक स्वभाव असा कीं, तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ३ या जातीचें ताजें तेल किमान २०५ अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाहीं; पण त्यांत ३.७ टक्के पाणी शिरलें कीं ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरूं शकते. भरलेली गाडी पसरणीचा घाट उतरतांना सारखा ब्रेक धरला, तर चाकांजवळची उष्णता तेलास पोंचते, तें उकळतें व त्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाहीं. वाफ मात्र सहज दाबली जाते. परिणामीं पाय तळाला जातो आणि गाडी थांबत नाहीं. म्हणून गाडी कमी चालली असली तरी दर दोन वर्षांनीं हें तेल बदलावें.

त्याच कारणानें घाट ज्या गिअरमध्यें चढावयाचा, त्याच गिअरमध्यें उतरावा, ही जुन्या चालकांची शिकवण शास्त्रशुद्ध आहे. डिझेल वाचविण्यासाठीं न्यूट्रलमध्यें गाडी सोडणें हा मात्र घातकी लोभ होय. गिअरमध्यें गाडी उतरत असतां पाय काढला कीं इंजिनाचा डिझेलपुरवठा जवळजवळ बंदच होतो; मग बचत कसली? आणि इंजिन बंद केलें तर ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात शक्तीच नाहींशी होते.

दुसरा शत्रु अतिभार. माल अधिक बसावा म्हणून मागच्या पाट्यांत एक-दोन जादा पाटे घालण्याची चाल आहे. पुष्कळ पिकप गाड्यांत मागील भाग भारानें किती दबला हें पाहून मागच्या ब्रेकचा जोर ठरविणारी झडप असते. पाटे वाढविले कीं गाडी दबत नाहीं. झडपेस ती रिकामीच वाटते आणि ती मागच्या चाकांना जोर कमी देते. म्हणजे भार वाढतो आणि ब्रेक मात्र घटतो! टायरांचेंहि तसेंच. टायरच्या कडेवर चार अंक असतात. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी रबर वयानें कडक होतें व त्यास भेगा पडतात, हें स्टेपनी निवडतांनाहि विसरूं नये.

तिसरें संकट कृष्णेच्या पुराचें. ऑगस्ट २०१९ मध्यें सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलें आणि कितीतरी वाहनें बुडालीं. बुडालेली गाडी घाईनें सुरू करूं नये. सिलिंडरमध्यें पाणी असल्यास तें दबत नाहीं आणि पिस्टनचा दांडा वाकतो. मागच्या आंसाच्या पेटींत पाणी शिरलें असेल तर तेथील तेल दुधासारखें पांढरट दिसतें; तें सर्व बदलावें, चाकांच्या बेअरिंगांत नवें ग्रीस भरावें आणि ब्रेक उघडून पाहावे. पुरांतून निघालेली गाडी रंग देऊन पुढें विक्रीस येते, हेंहि खरीदारानें ध्यानांत ठेवावें.

या सर्वांस मोठा खर्च लागत नाहीं. लागते ती नोंद. चार आण्यांच्या वहीसारखी एक साधी वही गाडींत ठेवावी. तिच्या पहिल्या पानावर चासी नंबर आणि रिकॉल तपासल्याची तारीख, पुढें ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल, टायर व पाटे यांची नोंद. गाडी विकली तर वहीहि सोबत द्यावी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभारला, तेव्हांपासून या मुलखाला यंत्राची ओळख आहे. बैलाच्या खुराला जखम दिसली तर शेतकरी त्याला गाड्यास जुंपीत नाहीं. पिकप मुकी आहे. ती लंगडत नाहीं कीं हंबरतहि नाहीं. म्हणून तिची विचारपूस वेळेवर करणें हें मालकाचें काम. आणि माल मागविणाऱ्या शहरी गृहस्थानेंहि भाडें ठरवितांना एकदां विचारावें: 'गाडीचे ब्रेक केव्हां पाहिले होते?' एवढ्या एका प्रश्नानें घाटांतील एखादा अपघात टळला, तर तो विचारण्याचा संकोच कशाला?